कारण : गोंगाट

"जयभीम," माझी आई म्हणाली, आणि सगळी खोली हसली.

आई तिथे नव्हती. तिचा आवाज होता. सदाशिव पेठेतल्या एका क्लासची खोली, रविवारी रिकामी असते म्हणून आम्हाला मिळालेली. फळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे स्पीकर. त्यांतून आई पुढे वाचत होती. "रानीने अंगनात पानी शिंपडले." मग जरा थांबली. वाचताना तिने माझ्याकडे बघून विचारलं होतं, "बरोबर झालं का वं?" तेही रेकॉर्ड झालं होतं.

"नाही हो बाई, चुकलं," आमचा गट चालवणारे सर स्पीकरला म्हणाले.

पुन्हा हशा. सरांनी ते परत लावलं. "रानी, अंगन, पानी. तीन ण, तिन्ही गायब. एका वाक्यात हॅटट्रिक." मग त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. "कोणी आणलाय हा आवाज?"

खोटं बोलायलासुद्धा तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडायचीच मला भीती.

"मी आणलाय. माझी आई आहे ती."

हसणं थांबलं. मग जे सुरू झालं ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का," सर अगदी हळुवारपणे म्हणाले. "हसलो नसतो आम्ही. हे पाहा, गैरसमज नको. पण यंत्र म्हणजे लहान मूल. त्याच्या कानावर पहिल्यांदा शुद्धच पडायला हवं, नाही का? आणि ते सुरुवातीचं, घोषणा वगैरे, ते इथे नको."

घोषणा. माझी आई माणसाला भेटली की जयभीम म्हणते. यंत्राला भेटली, यंत्राला म्हणाली. त्याच स्पीकरमधून दहा मिनिटांपूर्वी एका आजोबांनी "नमस्कार मंडळी" म्हटलं होतं. ती घोषणा नव्हती.

आम्ही आवाज गोळा करत होतो. फोनला, संगणकाला मराठी ऐकून कळावी म्हणून. ज्याला टाइप करता येत नाही, ज्याला दिसत नाही, त्याने नुसतं बोलावं आणि यंत्राने काम करावं. त्यासाठी हजारो माणसांनी हजारो वाक्यं वाचायला हवीत. लोक फुकट वाचत, आम्ही फुकट गोळा करत असू, आणि जमेल ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं होतं. कोणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, पुढे द्यावं. परवानगी नको, पैसे नकोत. संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर सरांनी तसं लिहिलं होतं, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत : कोणाचाही आवाज चालेल.

मी ते वाचून हुरळले होते. तशी मी हुरळणारी नाही.

आम्ही भंडाऱ्याकडचे. बौद्ध. शिकायला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी "पानी" म्हणाले आणि समोरच्या मुलीने तिच्या मैत्रिणीकडे पाहिलं. बस, एवढंच. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य तपासायला लागले. ण आला की जीभ वर वळवायची. वळली नाही तर? म्हणून ण असलेले शब्दच टाळायचे. जेवण नाही, लंच. कारण नाही, रीझन. पाणी तर मी मागितलंच नाही कधी. वॉटर मागायचे. लोकांना वाटायचं, पोरीला इंग्रजीचा फार षौक.

पुढे नोकरी लागली, सॉफ्टवेअर तपासायची. इतकी वर्षं स्वतःच्या चुका शोधल्यावर दुसऱ्याच्या शोधणं सोपं होतं. पहिली कंपनी सोडून या कंपनीत आले. अजून कायम झाले नव्हते. आणि कायम करायचं की नाही ते सरांच्या हातात होतं, कारण सर आमच्या विभागाचे प्रमुख. रविवारी समाजकार्य, सोमवारी साहेब. माणूस वाईट नव्हता. स्वतःचा वेळ घालवायचे, चहाही स्वतःच्या खिशातून पाजायचे. मला हेच जास्त घाबरवायचं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

आई गावाहून माझ्याकडे आली होती. गुलटेकडीला माझी खोली, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. पहाटेपासून ट्रकांचे हॉर्न, हमालांची ओरड. दुपारी मात्र सगळं निवतं. म्हणून दुपारी बसलो. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, शेजारच्या वहिनींना मिक्सर लावू नका म्हणून सांगून आले. आई घामाने निथळत होती, पण पदराने वारासुद्धा घेईना. "आवाज व्हईल ना वं त्याच्यात." चौथी शिकलेली बाई. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती आणि प्रत्येक वाक्याआधी यंत्राला जयभीम करत होती.

तिचं बघून यार्डात कांदा निवडणाऱ्या, तिच्या ओळखीच्या झालेल्या बायका आल्या. कोणाला वाचता येत होतं, कोणाला मी कानात सांगायचे. लाजत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. एकीने विचारलं, "आमचं बोलनं यंत्र शिकनार व्हय? मग यंत्राचं वाटोळंच झालं म्हना की." आम्ही हसलो. त्या हसण्यात कोणाला भीती नव्हती.

आणि आता त्या खोलीतला तो हशा.

बाहेर पडताना मुग्धा भेटली. ऑफिसात माझ्या शेजारी बसायची, रविवारी इथेही यायची. "मनावर घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "सर सगळ्यांनाच बोलतात."

घरी येऊन मी संकेतस्थळ उघडलं. एखादा आवाज नाकारायचा तर तपासणाऱ्याला तीन कारणांतून एक निवडावं लागे : अर्धवट, वेगळंच वाक्य, गोंगाट. आईच्या प्रत्येक वाक्यापुढे लाल अक्षरांत आलं होतं, गोंगाट. यार्डातल्या बायकांच्या पुढेही तेच. मी कानाला हेडफोन लावून ऐकलं. पंखा नाही. मिक्सर नाही. ट्रक नाही. आई होती नुसती.

आईला काही सांगितलं नाही. ती रोज विचारायची, "घेतला का त्यायनं माझा आवाज?" मी म्हणायचे, तपासणी चालू आहे.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आई माझा जुना फोन हातात धरून उभी होती. गोळा झालेल्या आवाजांवर शिकवलेलं यंत्र चाचणीसाठी मी त्यात घातलं होतं. आईला अरुणशी, माझ्या भावाशी, बोलायचं होतं.

"अरुनले फोन लाव," आई म्हणाली.

"माफ करा. पुन्हा बोला," फोन म्हणाला. शुद्ध, स्वच्छ बाईचा आवाज.

आई परत बोलली. फोन परत तेच म्हणाला. मग आईने डोक्यावर पदर घेतला. खांदे जरा आत घेतले. तहसील कचेरीत खिडकीपुढे उभी राहते तशी उभी राहिली, आणि म्हणाली, "साहेब, अरुनले फोन लावा जी."

"माफ करा. पुन्हा बोला."

आई माझ्याकडे वळली. "पुन्हा बोल म्हनून राहिला. मी नीट नाही बोलून राहिली का वं?"

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि "अरुणला फोन लाव" म्हणाले. जीभ वर वळवून. लागला.

आई भावाशी बोलत बसली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. आजवर मला नोकरीची भीती होती, हसण्याची भीती होती. ही वेगळी होती. उद्या हे यंत्र दवाखान्यात बसेल, रेशनच्या दुकानात बसेल, बँकेच्या दारात बसेल. त्याला कंटाळा येणार नाही, त्याला लाज वाटणार नाही. ते माझ्या आईला मरेपर्यंत सांगत राहील, पुन्हा बोला. आणि ती प्रत्येक वेळी थोडी आणखी वाकेल. हे यंत्र मी घडवत होते. फुकट, रविवारचा दिवस घालवून.

संग्रह दिवाळीआधी लोकांसाठी खुला करायचा होता. त्याआधीच्या शेवटच्या बैठकीला सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर सगळ्या बायकांची नावं एकाखाली एक, प्रत्येकीपुढे गोंगाट, आणि खाली बटण : काढून टाका.

"तुमच्याच हातानं होऊ दे," सर म्हणाले. "म्हणजे मागाहून गैरसमज नकोत. आणि हो, आपल्या कन्फर्मेशनचंही उद्या बघायचंय."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज टाकलं. माऊसवर हात ठेवून मी बाण त्या बटणापर्यंत नेला. सगळ्यांना दिसत होता तो. खोलीभाडं, अरुणची फी, आईच्या गोळ्या, सगळं त्या बाणाच्या टोकाशी. दाबून टाकावं, म्हटलं. आईला कुठे कळणार आहे?

"गोंगाट कुठे आहे, सर?"

"काय?"

"यात गोंगाट नाही. पंखा बंद करून रेकॉर्ड केलंय. पुन्हा ऐका."

"अहो, तो आपला नुसता तांत्रिक शब्द. तीनच पर्याय आहेत, त्यातला जवळचा घेतला."

"मग चौथा घाला. खरं कारण लिहा आणि मग काढा."

"खरं म्हणजे काय लिहायचं?"

"या बायका न म्हणतात, ते लिहा. जयभीम म्हणतात, ते लिहा."

कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. सरांचा चेहरा लाल झाला. "हे बघा, इथे आजवर कोणी जात आणलेली नाही. कृपा करून आपणही आणू नका."

"मी आनली नाही, सर. आईच्या आवाजात ती तुम्हाला ऐकू आली."

आनली. इतकी वर्षं जपलेला ण निसटला होता. सगळ्यांनी ऐकला. मी सुधारला नाही. आता थांबले तर पुन्हा कधी बोलता येणार नाही हे मला कळत होतं.

"मी काढणार नाही. तुम्ही काढलंत तर हा सगळा संग्रह मी उचलून दुसरीकडे ठेवीन. या बायकांसकट. तुमच्या आवाजासकट."

"कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी लागत नाही. पहिल्या पानावर तुम्हीच लिहिलंय."

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एकेक नाव काढायला सुरुवात केली. माऊसचा टक, टक. मुग्धा टेबलाकडे बघत होती. आईचं नाव गेलं तेव्हा मी खोलीतून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं, मला कायम केलेलं नाही. सहा महिने मुदतवाढ. कारण : संवादकौशल्यात सुधारणा आवश्यक. इथे मात्र तीन पर्यायांतून कारण निवडावं लागलं नाही.

संग्रह मी उचलला. माझ्या खोलीतून, आईच्या जयभीमसकट, तो आता सगळ्यांसाठी मोकळा आहे. काढलेले सगळे आवाज माझ्याकडच्या मूळ रेकॉर्डिंगवरून त्यात परत घातलेत. आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आता तुह्या नोकरीचं कसं वं?" सोमवारी सरांची केबिन टाळून मी लांबच्या जिन्याने जाते. सहा महिन्यांनी काय होईल याची कल्पना करते आणि झोप उडते. भीती गेली, असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

सरांचा आवाज माझ्या संग्रहात तसाच आहे. खणखणीत. तो मी काढलेला नाही, काढणारही नाही. यंत्राने त्यांचंही ऐकावं.

पण नियम मी बदललाय. कोणताही आवाज नाकारताना ऐकणाऱ्याने कारण स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आणि खाली स्वतःचं नाव घालायचं. त्याशिवाय बटण दाबलंच जात नाही. मला नोकरीवरून काढा, मुदत वाढवा, हसा. कारण आणि नाव लिहायची ती चौकट तिथून हलणार नाही. ज्याला माझ्या आईचा आवाज पुसायचा आहे, त्याने आधी आपलं नाव लिहावं.