लाडू कोणाच्या बाळंतपणाचे?

गेल्या थंडीत मी साडेआठ तास आजी झाले होते. माझ्या मुलाला आणि सुनेला याची काहीच कल्पना नव्हती.

झालं असं, की डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराकडे जाताना मला दुसऱ्याच मजल्यावर पायरीवर बसावंसं वाटायला लागलं. नवरा समजुतीने म्हणाला, वय झालं. (तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. पण वय फक्त माझं झालं होतं.) शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. हिमोग्लोबिन निघालं नऊ. त्यांनी विचारलं, रोज काय जेवता? मी खरं तेच सांगितलं, उरेल ते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गोळ्यांबरोबर मला चांगला दम भरला. अंडी, नाचणी, पालेभाज्या, अळीव खायचे. वेळेवर, पोटभर, आणि कालची आमटी संपवायला म्हणून नव्हे!

घरी येईपर्यंत मला भयंकर राग आला. डॉक्टरांचा नाही, माझाच. सव्वीस वर्षं मी या घरात सगळ्यांच्या आवडीनिवडी पाठ करत होते आणि माझी आवड कुणी विचारली असती, तर मला दोन मिनिटं आठवावी लागली असती.

त्याच रविवारी मी अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले. ओलं खोबरं, गूळ, वर जायफळ. स्वतःसाठी, फक्त स्वतःसाठी, बारा लाडू वळले. रोज एक. पण ठेवायचे कशात? माझ्या सगळ्या डब्यांत कुणाचा ना कुणाचा चिवडा, कुणाची शेव. मोकळा एकच होता, वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंचा. त्यांनी घारगे पाठवल्याला तीन आठवडे झाले होते. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे घालून द्यायला काही सुचेपर्यंत तो आपल्याच घरी मुक्कामाला असतो. मी त्यात लाडू भरले आणि कुणाला न सांगता फ्रिजमध्ये पालकाच्या जुडीमागे ठेवले. पालकाकडे आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

सोमवारी मी शाळेच्या ऑफिसात कामाला गेले. नवरा त्या दिवशी घरूनच काम करत होता. संध्याकाळी साडेसहाला परतले, हातपाय धुतले, फ्रिज उघडला. पालक होता. डबा नव्हता.

"अहो, इथला डबा?"

"सकाळी दहालाच देऊन आलो वर," तो अभिमानाने म्हणाला. "काकूंचं नाव होतं त्यावर. जिन्यात दोनदा विचारलं होतं त्यांनी. आणि तू भरून ठेवलेलासच की."

सव्वीस वर्षांत या माणसाने न सांगता केलेलं हे पहिलं काम!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोन वाजला. कल्याणहून विहीणबाई होत्या आणि त्या चक्क रडत होत्या. आमच्या मुलीची इतकी मोठी बातमी आम्हाला तिसऱ्याकडून कळावी का, असं त्यांचं म्हणणं. कुठली बातमी, ते मला दोन मिनिटं कळेना. मग उलगडा झाला. अळिवाचे लाडू म्हणजे बाळंतिणीचे, हे काकूंना तर्काशिवाय ठाऊक होतं. आमच्या घरात बाळंत होण्याजोगी एकच, पुण्याला राहणारी सून. काकूंनी सून बाळंत झाल्याची ही गोड बातमी कल्याणच्या आपल्या भाचीला कळवली आणि भाची विहीणबाईंच्या समोरच राहते. अडचण एवढीच, की मुलाच्या लग्नाला पाचच महिने झाले होते. विहीणबाईंनी ते बोटांवर मोजलेलं मला फोनवरही जाणवलं. लेकीला थेट विचारायचा त्यांना धीर होत नव्हता.

त्यांची कशीबशी समजूत घातली आणि तशीच वर गेले. त्या जिन्यावर मला अजिबात दम लागला नाही. (राग हे उत्तम टॉनिक आहे, पण ते डॉक्टर लिहून देत नाहीत.)

काकूंकडे भजनी मंडळ बसलं होतं. मधोमध ताटली, ताटलीत माझे लाडू. सातच उरले होते. एका बाईच्या मांडीवर विणायला घेतलेलं टोपडं. काकूंनी उठून मला मिठीच मारली.

"काकू, ते लाडू माझे आहेत," मी म्हणाले.

"हो गं, सुनेचेच ना? मुलगा की मुलगी?"

"सुनेचे नाहीत. माझे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून मला खायला केलेत."

टाळ वाजायचे थांबले. काकू माझ्या पोटाकडे बघायला लागल्या.

"अगं, पण बाळंत कोण झालंय?"

"मीच झालेले, पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हा सासूबाईंनी दोन दिले आणि पाहुण्यांना दहा. ते राहिलेले आता खातेय."

टोपडं विणणाऱ्या बाईंनी सुया खाली ठेवल्या आणि हळूच विचारलं, "तुझं हिमोग्लोबिन किती आलं?"

"नऊ."

"माझं साडेआठ. घरी सांगितलेलं नाही."

मग एकेक आकडे बाहेर यायला लागले. कुणाचं कॅल्शियम, कुणाचं डी जीवनसत्त्व. आजवर त्या खोलीत अभंगांखेरीज इतकं मनापासून काही म्हटलं गेलं नसेल. मी साडेआठवालीला दोन लाडू दिले, एक काकूंच्या हातावर ठेवला, आणि त्यांच्याच सोफ्यावर मांडी घालून उरलेले चार ओळीने खाल्ले. भूक नव्हती. पण प्रश्न तत्त्वाचा होता!

तत्त्व पोटाला मानवलं नाही. पुढचे दोन दिवस मी शाळेत गेले नाही. जिथे होते, तिथून उठायची सोय नव्हती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर मऊ भात खायला सांगितला. तो नवऱ्याने केला, आयुष्यात पहिल्यांदा. खाली लागला होता, वर कच्चा होता आणि मीठ त्यात दोनदा पडलं होतं. मी पातेलं पुढ्यात ओढलं आणि तळापर्यंत खरवडून खाल्लं. "मला?" असं तो दारातून विचारत होता, पण त्या आठवड्यात मला ऐकूही जरा कमीच येत होतं.