कृपया थोड्या वेळाने

‘थोड्या वेळाने’ या शब्दांना कायद्यात काहीही अर्थ नाही. मुदत सांगायची तर तारीख सांगावी लागते, तास सांगावा लागतो. तरीही जुन्या जन्मनोंदींच्या नकला देणाऱ्या त्या कार्यालयात, सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी, पडद्यावर उमटलेले वाक्य मला वाचून दाखवण्यात आले : ‘सर्व्हरमध्ये त्रुटी. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ मी ते शब्दशः उतरवून घेतले, शेजारी वेळ लिहिली आणि घरी येऊन पत्राचा मसुदा करायला बसलो.

काम माझे नव्हते. आमच्याकडे अनेक वर्षे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई मूळच्या पेठ तालुक्याकडच्या, कोकणा आदिवासी समाजाच्या. त्यांच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती; परंतु जात पडताळणीसाठी तिच्या पणजोबांची, म्हणजे बाईंच्या आजेसासऱ्यांची, जन्मनोंद हवी होती आणि ती महिनाअखेरीच्या आत सादर झाली नाही तर जागा जाणार होती. त्या काळी कुटुंब मजुरीसाठी कुठे उतरले होते हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून शोध जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत घ्यावा लागणार होता. बाईंना खाडे परवडत नव्हते. त्यांनी मला अधिकारपत्र सही करून दिले. दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कागदातले कळते, हा त्यांचा विश्वास होता.

मी पाच वेळा गेलो. पाचही वेळा कार्यालय उघडताच, रांगेत पहिला. पाचही वेळा तेच वाक्य. खिडकीवरचे गृहस्थ मला सांगत की साहेब, दुपारून या, दुपारी चालतं. ही टोलवाटोलवी मी दुसऱ्या पत्रात पुरावा म्हणून उद्धृत केली. दुपारी गेलो असतो तर त्यांची सबब मान्य केल्यासारखे झाले असते. पुढे आमच्या इमारतीतल्या, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना भर गर्दीत, दुपारी दीड वाजता, नक्कल मिळाल्याचे समजले, तेव्हा माझा संताप अनावर झाला. सकाळी रिकाम्या कार्यालयात येणाऱ्या नागरिकास नकार आणि दुपारच्या गर्दीस नकला, हा भेदभाव कोणत्या नियमान्वये केला जातो, असे मी चौथ्या पत्रात विचारले. पाचव्या पत्रासोबत माझ्या सर्व भेटींच्या आणि शेजाऱ्यांच्या भेटीच्या वेळांचा तक्ता जोडला.

पाचव्या पत्रानंतर फोन आला. बोलणाऱ्या बाई कार्यालयाचा डेटाबेस सांभाळत. आवाजावरून तिशीच्या असाव्यात.

“काका, या वेळा तुम्ही घड्याळात बघून लिहिल्यात का?”

मी दुसऱ्या कशात बघून लिहिणार होतो? तसे मी त्यांना सुनावले.

“रागावू नका. सहा महिने सगळे मला फक्त ‘सर्व्हर बंद’ एवढंच सांगतायत. वेळ लिहिणारे तुम्ही पहिले. उद्या येता का?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत, स्वतःच्या शेजारी खुर्ची दिली. बोलणे बागलाणकडचे; मधूनच ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ निसटे आणि त्या स्वतःच हसत. माझा तक्ता त्यांनी सर्व्हरच्या नोंदवहीशी ताडून पाहिला होता. ही वही यंत्रच लिहिते, प्रत्येक चूक मिनिट-सेकंदासह. मला समजावे म्हणून त्यांनी दाखला माझ्याच जुन्या कामाचा दिला. तुमच्या अभिलेख कक्षात एक कागद शोधायला चार शिपाई चार कपाटांकडे पाठवले आहेत असे समजा, त्या म्हणाल्या. एकाला कागद सापडला आहे. पण तेवढ्यात दुसरा ओरडतो की या गठ्ठ्यातले मला वाचता येत नाही. आमच्या यंत्राचा नियम असा की एक अडला तर सगळ्यांना परत बोलवायचे आणि बाहेर सांगायचे, त्रुटी.

“आणि दुपारी?” मी विचारले.

“दुपारी गर्दीत मोकळा शिपाई कुठला? एकटाच एकेक तालुका बघत जातो. सापडलं की थांबतो. त्या वाईट गठ्ठ्यापर्यंत तो पोचतच नाही. सकाळी सगळे मोकळे, म्हणून सकाळीच बिघडतं.”

म्हणजे ‘दुपारून या’ हे वाक्य खरे होते. सांगणाऱ्याला कारण ठाऊक नव्हते, एवढेच.

तो गठ्ठा पूर्वेकडच्या एका तालुक्याचा होता. त्यांनी एक नोंद पडद्यावर आणली. जन्मवर्षाच्या रकान्यात लिहिले होते : १९३८. मला त्यात काही वावगे दिसेना. त्यांनी खालची नोंद दाखवली. तिथे तेच वर्ष इंग्रजी आकड्यांत होते. आपल्याला दोन्ही सारखेच, पण या रकान्याच्या लेखी वरचे वर्ष हा आकडाच नव्हता, नुसती अक्षरे होती. अशा शेकडो नोंदी निघाल्या, सगळ्या एकाच आठवड्यात टंकलेल्या. त्या आठवड्यातच असे का, याचा शोध त्यांनी आधीच लावला होता. त्यांनी फाईल उघडून माझ्यासमोर ठेवली.

आत सहा महिन्यांपूर्वीचे एक पत्र होते. राज्यकारभाराची भाषा मराठी असताना शासकीय नोंदींत इंग्रजी आकडे वापरणे हा अवमान असून, अंकलेखन तत्काळ देवनागरीत करावे, अन्यथा योग्य त्या मंचाकडे दाद मागण्यात येईल. कोणीतरी घाबरून आठवडाभर त्याचे पालन केले होते. खाली सही माझी होती.

मी ते पत्र दोनदा वाचले. मसुदा निर्दोष होता.

“मागणी चुकीची नव्हती, काका,” त्या म्हणाल्या. “तेव्हा कोणी मला विचारलं नाही, एवढंच. आत एका प्रकारे ठेवायचं, कागदावर मराठीत छापायचं. दोन्ही जमतं.”

त्या आठवड्यातल्या नोंदी त्यांनी लगेच दुरुस्त केल्या नाहीत. आधी प्रत काढून ठेवली, वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली, मगच दुरुस्तीला हात घातला. हे पाहून मला जे समाधान वाटले ते न्यायालयातही क्वचितच वाटले असेल. दोन दिवसांनी, सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी, कार्यालयात चिटपाखरू नसताना, मी खिडकीशी उभा राहिलो. गृहस्थांनी नाव आणि वर्ष भरले. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग नोंद आली. दिंडोरी तालुका, द्राक्षांच्या पट्ट्यातले एक गाव. वडिलांचा व्यवसाय मजुरी, जात कोकणा. छापून हाती आलेल्या नकलेवर वर्ष देवनागरीत होते. मुदतीला चार दिवस शिल्लक होते.

घरी बाई भाकरी थापत होत्या. नक्कल त्यांनी हात धुऊन, पदराला पुसून मगच घेतली आणि आजेसासऱ्यांच्या नावावरून बोट फिरवले. त्या संध्याकाळी मुलीला घेऊन आल्या. अर्ज दुसऱ्याच दिवशी दाखल झाला आणि पोच बाईंनी माझ्या कपाटात ठेवायला दिली. पण त्याआधी, नक्कल हाती देतानाच, मला एक गोष्ट सांगणे भाग होते. माझ्याच जुन्या पत्राने ती नोंद अडवली होती, आणि पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत थांबलो असतो तर तीन आठवडे त्यांची झोप उडाली नसती. मी हे उभे राहून, एखादे निवेदन वाचावे तसे सांगितले.

बाईंनी ऐकून घेतले. तवा उतरवला.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “तिथं बसाया बाकडं नव्हतं का?”

बाकडे होते. सहाव्या पत्रात मी तसे नमूद केले, आणि पडद्यावरच्या वाक्यात ‘थोड्या वेळाने’ऐवजी नेमकी वेळ घालावी, अशी विनंतीही.