तीन टोकांचा रुमाल

आत्याबाईंनी नवऱ्या मुलाच्या कोटाच्या वरच्या खिशातून तो रेशमी रुमाल दोन बोटांनी उपसला आणि ताम्हणात टाकला. मेलेलं झुरळ उचलावं तसा. मग तुळशीच्या पानानं त्यावर गंगाजल शिंपडलं. मी समोरच उभी होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पाचच मिनिटांपूर्वी याच बाई मला "हाताला काय कला आहे गं तुझ्या!" म्हणाल्या होत्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या एका सुटाच्या दुकानात मी हातकामाला होते. काजं करायची, अस्तर टाचायचं, पँटची तुरपाई करायची. बावीस वर्षांची होते. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि घर माझ्याच कामावर चाललं होतं. आमच्या घरात भिंतीवर निळ्या सुटातली तसबीर होती. शेजारच्या घरातही तीच, त्याच्या शेजारीही तीच. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, सूट हा आपल्याच माणसांचा कपडा. म्हणून तर ब्लाउज-परकर सोडून मी कोटाचं काम शिकले.

खिशातल्या रुमालाची घडी दुकानात माझ्यासारखी कुणाला जमायची नाही. रेशीम मोठं निसरडं. जास्त दाबलं तर मरगळतं, सोडलं तर खिशात खाली बसतं. तीन टोकं उभी राहायला हवीत, एकाहून एक जराशी उंच. लोक दुकानात घडी घालून घ्यायचे आणि घरी पोचेपर्यंत तिचा बोळा झालेला असायचा.

मास्तर, म्हणजे दुकानाचे मालक, माणूस म्हणून वाईट नव्हते. पण गिऱ्हाइकांपुढे त्यांनी मला पाटील करून टाकलं होतं. "कुणी विचारलं तर पाटील सांग गं. पाटील सगळ्यांत असतात." तीन वर्षं मी पाटील होते. त्याची मला आजही लाज वाटते. मास्तरांची नाही, माझी.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्या नवऱ्या मुलाच्या घरून दुकानात फोन आला. मुलगा सूट घालून हॉलवर निघालाय, रुमाल काही केल्या बसत नाही, त्या मुलीला पाठवा. मास्तरांनी मला पाठवलं. मी गेले, घडी घातली, खिशात बसवली. झकास बसली. मुलगा आरशासमोरून हलेना. मलाही माझ्याच हाताचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

"कुठली गं तू?" आत्याबाईंनी विचारलं.

"घाटकोपरची."

"आडनाव काय?"

पाटील ओठांवर आलं होतं. पण समोर ती तीन टोकं उभी होती. काम माझं होतं. त्याला उसनं नाव कशाला? मी माझं खरं आडनाव सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. एक मावशी हातातला फराळाचा डबा घेऊन आत गेली. मग ते ताम्हण आलं, ते गंगाजल आलं. मुलाची आई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आम्ही नाही हो मानत असलं काही. पण आज मंगलकार्य आहे ना." मुलगा इंजिनिअर होता. तो टायची गाठ नीट करत राहिला.

आता रेशमावर पाणी पडलं की डाग उठतो. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. त्या मोतिया रंगाच्या रुमालावर बघता बघता पिवळट वर्तुळं उमटली. आत्याबाईंनी घाईघाईनं इस्त्री फिरवली, तर कडा आणखीच ठळक झाल्या. खाली फुलांची गाडी हॉर्न मारत होती. मुलाच्या काकांनी घडी घालून पाहिली, तिचा समोसा झाला. दुसरा रुमाल घरात नव्हता.

डाग आत लपवायची घडी मला येत होती. मुद्दाम सांगते. एक टोक कोरडं होतं, तेवढंच वर काढायचं, बाकी सगळं आत. एका मिनिटाचं काम.

मुलाची आई म्हणाली, "तूच काहीतरी कर ना."

आत्याबाई म्हणाल्या, "तिनं तिथूनच सांगावं. हात लावू नकोस गं. तू सांग, आम्ही घालतो."

माझी कानशिलं तापली. तीन वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"माझा हात चालत नाही, मग माझी अक्कल कशी चालते?" मी म्हणाले. "आणि रुमालावरच का शिंपडता? कोटावरही शिंपडा. काजं माझी आहेत. अस्तर मी टाचलंय. आठवडाभर हा कोट माझ्या मांडीवर होता. पँटची तुरपाईही माझीच, तीही उतरवा."

मुलाचा हात टायवरच थांबला.

"फार बोलतेस," त्याची आई म्हणाली. "मास्तरांना फोन करते मी."

"करा," मी म्हणाले. "आणि माझं आडनाव बरोबर सांगा."

मी जिना उतरले. तशीच दुकानात गेले.

फोन माझ्याआधी पोचला होता. मास्तर म्हणाले, "पाटील म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"माझं बिघडलं असतं."

त्यांनी मान खाली घातली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. मी माझी कात्री आणि बोटात घालायचं अंगुस्तान उचललं. घरी आईनं मला खूप शिव्या घातल्या. चूल तिला पेटवायची होती, तिचंही खरंच होतं. ते दोन महिने फार वाईट गेले.

मग घाटकोपरच्या टेकडीवर आमच्याच खोलीत भाड्याचं मशीन आणलं. आता ते माझं आहे. वस्तीतले नवरे माझ्याकडेच सूट शिवतात. मुलुंडचीही माणसं येतात, घडीचं नाव ऐकून. ती कापड पुढे करतात. मी हात लावत नाही. आधी माझं पूर्ण नाव सांगते, आडनावासकट, सावकाश. मग थांबते. काही जण कापड काखोटीला मारून परत जातात. जाऊ देत. जो थांबतो, त्याचंच माप घेते. नाव गिळून मी यापुढे एक टाकाही घालणार नाही.