दरीकडे पाठ

वर्गातली बाकं मी उलटी फिरवली, ही माझी चूक. फळ्याशेजारच्या मोठ्या खिडकीतून दरी दिसायची आणि मुलं राज्यशास्त्र सोडून तिच्याकडेच बघत बसायची. म्हणून शिपाईमामांना हाताशी धरून फळा मागच्या भिंतीवर नेला. आता मुलांची दरीकडे पाठ झाली आणि दरी माझ्या डोळ्यांसमोर आली.

तेव्हापासून राज्यसभेचे अधिकार पुढे सरकलेले नाहीत. वाक्य सुरू करतो, तेवढ्यात खालून ढग वर येतो, त्याच्या काठाने एक घार सावकाश वळते, आणि मी काय सांगत होतो तेच आठवत नाही. शहरातले मित्र म्हणतात, नशीबवान आहेस. आहेच. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी लागते, दाढ दुखली तर घाट उतरावा लागतो, पण त्याचं काही वाटत नाही. लोक सुट्टी काढून जे बघायला येतात, त्याच्यासमोर उभं राहून मला रोज काम करायचं असतं, तिथे मी हरतो. एकदा डोळे मिटून शिकवलं, तर मुलांनी पाणी आणलं.

आज सुरेखा उभी राहिली. वरच्या वाडीतून तासभर चालत येते. मागच्या वर्षी याच विषयात नापास झाली. या वेळी राहिली तर घरचे कॉलेज बंद करणार आहेत. परीक्षा सोमवारी आहे.

"सर, दरी आम्ही जन्मापासून बघतोय," ती म्हणाली. "तिच्यावर प्रश्न येत नाही. तुम्ही खिडकीपाशी बसून निवांत बघा, प्रकरण मी वाचून दाखवते."