बँकॉकच्या नोकरीचा इंटरव्ह्यू

“इंटरव्ह्यूत काय काय विचारलं?” मी प्रणालीला विचारलं. ही माझी जुनी खोड. पुण्यातल्या आयटी कंपन्यांसाठी मी वर्षानुवर्षं माणसं निवडली. कुणाला नोकरी लागली की अभिनंदनाच्या आधी हाच प्रश्न तोंडात येतो.

पेढे घेऊन प्रणाली आणि तिचे वडील कांबळे आले होते. धायरीत आमच्या समोरच राहतात. प्रणालीची कॉल सेंटरची नोकरी गेली होती, आता बँकॉकला कस्टमर सपोर्टची लागली होती. तिकीट, व्हिसा, राहणं, सगळं कंपनीचं. विमान शुक्रवारी.

“सोपा होता, काकू,” ती म्हणाली. “घरी कोण कोण असतं, रोज फोन कुणाला करतेस, नात्यात कुणी पोलीस किंवा वकील आहे का.”

“आणि कामाबद्दल?”

“टायपिंग स्पीड.”

पेढा माझ्या हातातच राहिला. आम्ही उमेदवाराला काय येतं ते विचारतो. यांनी ती हरवली तर तिला शोधणार कोण, ते विचारून घेतलं होतं.

मी तसं स्पष्ट सांगितलं. कांबळ्यांचा चेहरा उतरला. “अहो ताई, नोकरी विकीनं आणली. तिच्या कॉलेजातला, कात्रजचा. आमच्याकडे जेवून गेलाय.”

“त्यालाच तर माणशी कमिशन मिळतं. अनोळखी माणसाच्या शब्दावर तुम्ही लेकीला पाठवलं असतं का?”

मग त्यांना हा धंदा समजावला. व्हिसा टुरिस्टचा असतो. पोचल्यावर गाडीत घालून सीमेपलीकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि लोकांना ऑनलाइन फसवायला बसवतात. नाही म्हटलं तर मारहाण, नाहीतर घरच्यांकडे सुटकेसाठी पैशांची मागणी. मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला तोंडाला रुमाल बांधलेले गुंड आठवतात. हे लोक रीतसर ऑफर लेटर देतात.

प्रणालीला पटेना. “तुम्हाला सगळीकडे फ्रॉडच दिसतो.”

“मग विकीला फोन लाव. सांग, माझे मामा बँकॉकला भारतीय वकिलातीत आहेत, ते एअरपोर्टवर घ्यायला येतील.”

“मला मामाच नाहीत.”

“आज आहेत.”

तिनं स्पीकरवर फोन लावला. मामांचं ऐकताच विकी म्हणाला, “सरांना विचारून सांगतो.” चहा गाळेपर्यंत त्याचा फोन आला. “सॉरी गं, ती पोझिशन भरली.”

खरी कंपनी असती तर कॅबचं भाडं वाचलं म्हणून खूश झाली असती.

प्रणाली रडली. नोकरीसाठी की सुटल्याबद्दल, मी विचारलं नाही. मग डोळे पुसून तिनं विकीनंच जमवलेल्या, शुक्रवारी तिच्याबरोबर जाणाऱ्या मुलामुलींना एकेक करून फोन केले. संध्याकाळपर्यंत वकिलातीत सगळ्यांचेच मामा लागले आणि विकीकडे एकही जागा उरली नाही. त्याचे मेसेज घेऊन आम्ही पोलिसांत गेलो.

आपल्याला घ्यायला कुणीतरी येणार, एवढं ऐकून जी नोकरी पळून जाते, तिच्यामागे आपण धावू नये.