घोडे अजून जोडायचेत

कारखानीस मॅडम माप द्यायला उभ्या राहिल्या की डोळे मिटून घ्यायच्या. बाकीच्या बायका आरशात बघतात, पोट आत ओढतात, "एक इंच कमीच लिही गं" म्हणतात. मॅडम दोन्ही हात सैल सोडून, डोळे मिटून, लांबचं काहीतरी ऐकत असल्यासारख्या उभ्या राहायच्या. टेप छातीवर आली की म्हणायच्या, "थांब. पूर्ण श्वास घेऊ दे मला. हां, आता घे माप. आधी श्वास, मग शिलाई."

आखातात, अल मनखूल नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. त्याच बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर त्या मुलगा, सून आणि नात मिहिका यांच्यासोबत राहायच्या. पुण्यात आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, वय सत्तरीला टेकलेलं. मी बार्शीकडची. वडील गेल्यावर आठवीतच शाळा सुटली, शिवण शिकले आणि ओळखीतून इथे आले. तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. मालकाची, लिफ्टची, इंग्रजीची. कुणी नुसतं "सुरेखा, एक मिनिट" म्हटलं तरी वाटायचं, आता घरी पाठवतात.

मॅडम पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जाडं पुस्तक होतं आणि त्यात एका बाईचं चित्र. लांब पांढरा झगा, साधाच. मॅडमनी बोट ठेवलं ते बरोबर छातीच्या खाली. "कंबर इथे घ्यायची. असे सहा हवेत."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाईंना चष्म्याचा नंबर बदलायला झालाय. कंबर काय तिथे असते का? माझ्या बार्शीच्या शिवणमास्तरांनी शिकवलं होतं, गिऱ्हाईक चुकीचं सांगत असेल तर वाद घालायचा नाही, आपण गुपचूप नीट शिवायचं. तेच मी केलं. सहाच्या सहा कंबरा मोठ्या निष्ठेनं खाली, जागच्या जागी आणून बसवल्या.

ट्रायलला मॅडमनी झगा हातात घेतला आणि कंबर शोधत बोट खाली खाली नेलं. गल्ल्यावरून मालक उठला. "सुरेखा! ये क्या किया? मॅडम, कपडे का पैसा इसकी सॅलरी से..." माझ्या हातातल्या टाचण्या खाली सांडल्या.

"मालक, बसा तुम्ही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कपडा मेरा है, गलती भी मेरी है. मी हिला गोष्टच सांगितली नाही, तर हिला कळणार कसं?"

झगे घेऊन मला त्यांनी वर नेलं. मी उसवत बसले आणि त्या सांगत बसल्या. दोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रज लेखिका. खेड्यात राहिली, स्वतः लग्न केलं नाही आणि सगळी पुस्तकं लग्नांवर लिहिली. तिच्या काळात थोडी वर्षं बायकांच्या कमरेचं करकचून आवळणं सुटलं होतं. "म्हणून कंबर वर. म्हणजे खाली सगळी मोकळीक. पोटभर श्वास घेता येतो, चालता येतं. तिच्या पोरी केवढ्या चालतात, माहितीये? मैलोन्मैल. चालतात म्हणून विचार करतात." अल मनखूलमधल्या सहा बायकांचं वाचनमंडळ होतं. दर डिसेंबरात तिच्या वाढदिवसाला त्या एकत्र चहा प्यायच्या. यंदा तो खाडीकाठच्या बागेत, तिच्या काळातल्या कपड्यांत प्यायचं ठरलं होतं.

कंबर वर गेली तसे झगे खाली तोकडे पडले. मी रडवेली होऊन खाली चार बोटांची निळी पट्टी जोडली. बागेत मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, "ही पट्टीच तर खरी फॅशन." माझ्याकडे बघून डोळे बारीक केले, तेवढंच.

इथे दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. बाकीचे खोलीवर जाऊन झोपायचे. माझी खोली खाडीपलीकडे देऱ्यात, आठ बायकांची; तिथवर जाऊन यायचं म्हणजे सगळा वेळ मेट्रोतच जायचा. मी दुकानातच शटर अर्धं ओढून बसायचे. हे कळल्यापासून मॅडम दुपारी मला वर बोलवायला लागल्या. मी तुरपाई करायची, त्यांनी वाचायचं. पुस्तक इंग्रजी, पण त्यांच्या तोंडून मराठीच यायचं, जणू ते आधीपासून मराठीतच होतं.

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. पडदे अर्धे ओढलेले, एसीची घरघर, बाहेर उन्हानं पांढरी पडलेली गल्ली. आणि आत झिमझिम पाऊस, ओलं गवत, चिखलात भिजलेले झग्यांचे काठ, खिडकीत पत्राची वाट बघणारी एखादी मुलगी. मध्येच माझा डोळा लागायचा, सुई हातातच राहायची. जागी झाले की कळायचं नाही, आत्ता बाहेर वाजलं ते टॅक्सीचं दार की बग्गीचं. मॅडम वाचायच्या थांबलेल्या असायच्या. "आलीस? बरं, पाहुणे अजून दिवाणखान्यातच आहेत. तुझ्यासाठी थांबवून ठेवलेत."

मी चारच्या आधीच धडपडत उठायचे. उशीर झाला तर मालक काय म्हणेल! त्या घड्याळाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. "बस गं. घोडे अजून जोडायचेत." म्हणजे गोष्टीतली बग्गी निघायला अजून वेळ आहे. कुणीही घाई केली की हेच. मुलगा "आई, यल्ला, चल लवकर, सिग्नल लागेल" म्हणाला तरी हेच. शाळेतून आलेली मिहिका सोफ्यावर दप्तर टाकून म्हणायची, "आजी, नथिंग हॅपन्स इन युअर बुक्स. दे जस्ट ड्रिंक टी."

"आणि तुझी आई शुक्रवारी कुलकर्ण्यांकडे काय करून आली? चहा पिऊन आली आणि येताना कुणाच्या तरी लेकीसाठी दोन स्थळं घेऊन आली. मुलाला पगार किती दिरहॅम, त्याचे रुपये किती, फ्लॅट स्वतःचा की कंपनीचा. दोनशे वर्षांत काय बदललं गं? फक्त घोडे गेले."

गोष्टीत एखादा देखणा, बोलघेवडा तरुण आला की मी हरखून जायचे. मॅडम पुस्तकावरून माझ्याकडे बघायच्या. "छान बोलतो. पण त्यानं तिला काय विचारलं?" मी आठवून बघायचे. काहीच विचारलेलं नसायचं. आणि कोपऱ्यातला कुणीतरी घुम्या, ज्याच्याकडे माझं लक्षही नसायचं, त्यानं हळूच विचारलेलं असायचं, तुम्ही दमलात का, तुम्ही काय वाचता.

दुसऱ्या वर्षी मालकानं सांगितलं, दोन महिन्यांत दुकान खलास. व्हिसा त्याचाच. दुसरी नोकरी मिळाली नाही तर परत बार्शी. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. स्थळ होतं. अबुधाबीत गोदामाचा सुपरवायझर, आपल्याच भागातला, बायकोला आणता येईल एवढा पगार. "देवच पावला समज," दादा म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

बघण्याचा कार्यक्रम मॅडमच्याच घरी झाला. गृहस्थ चांगले होते, हे मी आजही म्हणेन. खजुराचा डबा घेऊन आले, चपला नीट जोडून ठेवल्या. दादा व्हिडिओ कॉलवर होता. त्यांनी आपल्या कंपनीचं सांगितलं, फ्लॅटचं सांगितलं, नव्या वॉशिंग मशीनचं तर फारच सविस्तर सांगितलं. मी समोर बसलेली असताना फोनमध्ये बघून दादाला विचारलं, "यांना तिखट चालतं ना?" दादा बार्शीहून म्हणाला, "चालतं, चालतं!" मिहिका उशीत तोंड खुपसून हसली.

ते गेल्यावर मी मॅडमना म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं."

"मी नाही सांगणार."

"मॅडम, व्हिसा..."

"माहितीये. म्हणूनच नाही सांगणार. त्या पुस्तकांत सगळा घोळ सांगणाऱ्या बायकाच घालतात. हो म्हणालीस तरी मी तुला नावं ठेवणार नाही, सुरेखा. डोक्यावर छप्पर लागतं, ते लिहिणाऱ्या त्या बाईलाही माहीत होतं, म्हणून तर तिच्या पोरी एवढ्या घाबरलेल्या असतात." मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि काल सोडलं होतं तिथून वाचायला लागल्या. मला रागच आला. एवढं सगळं ऐकवलं आणि वेळेला हात वर केले!

दोन दिवसांनी दुकानात एका झग्याचा घेर टाचत असताना दादाचा फोन आला. "काय ते लवकर सांग. त्यांना दुसरं स्थळ आलंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब रे, घोडे अजून जोडायचेत."

"काय? कसले घोडे?"

मी सुई पिनकुशनला टोचली आणि पूर्ण श्वास घेतला. "दादा, माणूस चांगला आहे. पण तासभर समोर बसले आणि मला एक गोष्ट विचारली नाही. तिखटसुद्धा तुला विचारलं. मी नाही म्हणतेय."

"आणि दुकान बंद झाल्यावर?"

"बघते."

काय बघणार, ते मलाच ठाऊक नव्हतं. वर जाऊन सांगितलं तेव्हा मॅडमनी शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "आता पुढचं. ऊठ, दारातून आत ये. मी दुकानदार." चार दुपारी त्यांनी माझ्याकडून तेच करून घेतलं: आत यायचं, सलाम करायचा, थांबून श्वास घ्यायचा, मग कामाचं बोलायचं. देऱ्यात सहा दुकानं फिरले. पाच ठिकाणी नाही. सहाव्या ठिकाणचे मास्टरजी कात्री पुढे सरकवून म्हणाले, "यल्ला, काट के दिखा." आधी श्वास, मग कात्री; मी कापून दाखवलं. अजून तिथेच आहे.

मॅडमच्या मुलाची नोकरी बदलली आणि ते सगळे पुण्याला परत गेले. निघताना टॅक्सी खाली उभी होती, मुलगा हाका मारत होता. मॅडमनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "घोडे जोडले गं," एवढंच म्हणाल्या.

पुण्याहून त्या दर रविवारी फोन करायच्या. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय शिवलंस?" मग मी सांगायचे. इराणी बाईचा पायघोळ अबाया, त्याच्या बाहीवर मोत्यांची वेल. केरळच्या नवरीचा ब्लाऊज. त्या पलीकडे डोळे मिटून ऐकताहेत, हे मला इथे कळायचं. मी आता कुणाची कंबर परस्पर हलवत नाही. टेप हातात घेण्याआधी विचारते, हे घालून कुठे जायचंय? बायका आधी दचकतात, मग बोलतच राहतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी फोन वाजला तो मिहिकाचा. ती आता कॉलेजात आहे. "सुरेखा आंटी," म्हणाली आणि पुढे नुसता श्वासच ऐकू येत राहिला. मला कळलं, मॅडम गेल्या. मी खाली बसले. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी ती पोर मग मोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली,

"आज... आज तू काय शिवलंस?"