छताचा ठोका

ओडिलो इमसेंगचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. हिमनदीत कोरलेल्या बर्फाच्या गुहेच्या भिंतीवर बायकोचं नाव कोरणाऱ्या एका पर्यटकाचं नाक त्याने तिथल्या तिथे फोडलं होतं. गावात कोणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. हिमनदी सरकते, जुनी गुहा चिरडून टाकते, म्हणून दर वसंतात नवी कोरावी लागते. चाळीस वर्षं बर्फ फोडणाऱ्या माणसाकडून मऊपणाची अपेक्षा तरी कशी करायची?

गुहा उघडण्याआधी छत तपासायचं काम त्याचं. कुऱ्हाडीची बोथट बाजू छतावर हाणायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर बर्फ भरीव, बद्द वाजलं तर पोकळ. बापाने कानफटात मारून मारून शिकवलेली विद्या ती.

त्या जूनमध्ये छत बद्द वाजलं.

"उघडायची नाही," ओडिलो म्हणाला.

धाकटा भाऊ लेआंडर तिकीटखिडकी सांभाळायचा. त्याचं डोकंच फिरलं. "खाली दोन बस भरून माणसं उभी आहेत! कान गेलेत तुझे, म्हाताऱ्या. मीच आत जाऊन उभा राहतो, बघू काय पडतंय ते."

"पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन."

"मोड की! आयुष्यभर दुसरं केलंयस काय?"

लेआंडर आत शिरला. ओडिलोने मागून त्याची कॉलर धरली, तर लेआंडरने कोपराने त्याचा ओठ फाडला. दोघे एकमेकांचे केस धरून बर्फावर आपटले, लोळले. लेआंडर सुटला आणि पुन्हा आत धावला. तेव्हा ओडिलोने कुऱ्हाड उलटी धरून भावाच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज गुहेत घुमला. मग रडत, शिव्या घालत, त्याने भावाला फरफटत बाहेर काढलं.

गुडघा कायमचा गेला. पोलिसांना लेआंडरने सांगितलं, बर्फावरून घसरलो. गुहा त्या उन्हाळ्यात बंदच राहिली. खानावळीत मात्र तो काठी आपटून म्हणायचा, "हा पाय दिला, पण दोन बस माणसं वाचवली आम्ही भावांनी." ओडिलोला दारू पाजायचाही तोच.

उन्हापासून बर्फ जपायला गुहेवर पांढरी जाड कापडं अंथरतात. त्या वर्षी पहिल्यांदाच ती दुहेरी अंथरली होती, आणि भिजून गच्च झाली होती. ऑक्टोबरमध्ये ती काढल्यावर ओडिलोने सवयीने छतावर ठोका हाणला. छत खणखणीत वाजलं. त्याने सगळीकडे ठोकलं, भोक पाडून मोजलं. दोन पुरुष उंचीएवढ्या जाडीचा भरीव बर्फ, आणि तोही उन्हाळाभर वितळून उरलेला. ओल्या कापडांनी आवाज गिळला होता, एवढंच. तो तिथेच बसला आणि ढसाढसा रडला.

गप्प राहिला असता तर कोणाला कळणार होतं? पण हा गडी तडक भावाच्या घरी गेला. लेआंडर उकडलेल्या बटाट्यांवर वितळलेलं चीज खरवडत होता. ओडिलोने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

लेआंडरने ताटली बाजूला सारली, उठला आणि काठी त्याच्या तोंडावर मारली. मग खांद्यावर, मग पुन्हा तोंडावर. ओडिलोने हात वर केला नाही. काठी मोडली तसा लेआंडरचा तोल गेला, आणि ओडिलोने त्याला धरलं.

"पाय मोडलास ते मी पचवलं होतं रे," त्याच्या छातीवर बुक्के मारत लेआंडर म्हणाला. "हे सांगितलंस कशाला?"